शीर्षकापुरती मोटरसायकल

आज ज्या मोटरसायकलबद्दल बोलायचं आहे, ती पुस्तकाच्या नावात आहे, मुखपृष्ठावर आहे, सिनेमाच्या पोस्टरवर आहे. पुस्तक उघडलं की मात्र लक्षात येतं, प्रवास रंगात यायच्या आतच ती संपते. एर्नेस्तो गेवारा, म्हणजे पुढचा चे, आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रानादो हे दोघे जानेवारी १९५२ मध्ये ब्यूनस आयर्सहून निघाले आणि जुलैत व्हेनेझुएलातल्या काराकासला पोचले. सात महिन्यांच्या आसपासचा प्रवास. त्यातले जेमतेम दोन महिने गाडी बरोबर होती, आणि त्या दोन महिन्यांतही ती बरेचदा कुठल्या तरी गॅरेजमध्ये उघडून पडलेली, नाही तर कुणाच्या तरी ट्रकवर चढवलेली.

मूळ स्पॅनिश पुस्तकाचं नाव अगदी साधं आहे, ‘प्रवासाच्या नोंदी’ असं. चे बोलिव्हियात १९६७ साली मारला गेला, आणि हे पुस्तक लोकांच्या हातात यायला १९९० चं दशक उजाडलं. इंग्रजीत ते १९९५ साली आलं तेव्हा ‘द मोटरसायकल डायरीज’ झालं. मग २००४ साली वाल्तेर सालेसचा सिनेमा आला आणि ते नाव जगभर पक्कं बसलं. म्हणजे गाडी प्रवासातून गेली आणि शीर्षकात राहायला आली. असं का व्हावं? प्रकाशकाला खप हवा असतो, हे उत्तर आहेच, पण ते पुरेसं नाही. वाचक म्हणून आपल्यालाही ती गाडी तिथे हवी आहे. का हवी आहे, आणि तिच्या नादात आपण पुस्तकातलं काय बघायचं सोडतो, एवढ्याबद्दलच मी आज बोलणार आहे.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. १९३९ ची नॉर्टन. पाचशे सीसी, एक सिलिंडर, इंग्लंडमध्ये बनलेली. प्रवासाला निघाली तेव्हा तेरा वर्षांची. मालक ग्रानादो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. तो जीवरसायनाचा माणूस, कोर्दोबा प्रांतात कुष्ठरोग्यांच्या संस्थेत काम केलेला, वयानं गेवारापेक्षा सहा वर्षांनी मोठा. गाडीचं नाव ‘ला पोदेरोसा’, त्यातही दुसरी. मराठीत ‘बलवती’ म्हणू या. आपल्याकडे मरतुकड्या बैलाला ‘राजा’ म्हणतात ना, त्या चालीवरचं नाव.

गेवारालाही अशा प्रवासाची सवय होती. १९५० साली त्यानं सायकलला छोटं इंजिन बसवून उत्तर अर्जेंटिनात काही हजार किलोमीटर भटकंती केली होती, आणि त्या इंजिनाच्या कंपनीनं त्याच्या फोटोसह जाहिरातही छापली होती. म्हणजे पुढे ज्याचा चेहरा जगभर छापला गेला, त्याचा छापील चेहरा पहिल्यांदा बहुधा इंजिन विकायच्या कामी आला. असो.

आता रस्ता. अर्जेंटिनाच्या दक्षिणेतून अँडीजकडे जाणारे रस्ते त्या काळी कच्चेच. खडी, वाळू, धूळ, आणि समोरून वारा. जुनी जड गाडी, वर दोन माणसं, मागे सामानाच्या पिशव्या, तंबू, शेगडी. ज्यांनी आपल्याकडे घाटातल्या कच्च्या रस्त्यावर डबलसीट गाडी चढवली आहे, त्यांना हे सांगायला नको. वजन सगळं मागच्या चाकावर येतं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात राहत नाही. त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांना मागे स्प्रिंग नसे. प्रत्येक दगड सरळ सांगाड्याला आणि मग बसणाऱ्याच्या कण्याला. वेग कमी, म्हणून इंजिनाला वारा लागत नाही, म्हणून ते तापतं. क्लच दाबून दाबून जळका वास येतो. आणि चढावर थांबायची सोय नसते, कारण एकदा थांबलं की पुन्हा निघता येत नाही. शेवटी मागचा माणूस उतरतो आणि पायी चालायला लागतो. पुढचा गाडी रेटत वर जाऊन वळणावर वाट बघतो.

हे सगळं त्या पुस्तकात आहे. भव्य शब्दांत नाही, कुरकुरीच्या सुरात आहे. बाहिया ब्लांका सोडल्यावर वाळूचा पट्टा लागतो आणि हे दोघे त्यात पुन्हा पुन्हा पडतात. चोएले चोएल गावात गेवारा तापानं आजारी पडून दवाखान्यात पडून राहतो. पुढे पंक्चर, पुन्हा पंक्चर. नट-बोल्ट गळून पडतात आणि त्यांच्या जागी तार गुंडाळली जाते. तारेवरची कसरत हा आपला शब्द यांना अक्षरशः लागू पडतो. सान मार्तीन दे लोस आंदेसपासून बारिलोचेपर्यंतचा जो सात तळ्यांचा रस्ता आहे, आज पर्यटकांचा लाडका आणि डांबरी, तो यांच्या नोंदीत मुख्यतः धूळ, थकवा आणि रात्री कुठे पडायचं याची विवंचना एवढाच आहे. त्याच भागात एका रात्री अंधारात दोन डोळे चमकतात, प्यूमा आला असं समजून गेवारा पिस्तूल चालवतो, आणि लगेच कळतं की यजमानांचा लाडका कुत्रा मारला. हा प्रसंग त्यानं स्वतः लिहिला आहे, आणि स्वतःला सावरून घेतलेलं नाही.

माझ्या मते या पुस्तकातलं सर्वात चांगलं गद्य इथे आहे. पुढे चुकिकामाताची तांब्याची खाण येते, माचू पिचू येतं, पेरूतल्या सान पाब्लोची कुष्ठरोग्यांची वसाहत येते. ती पानं महत्त्वाची आहेत, पण तिथे लेखकाचा आवाज चढतो. तो बोलायला उभा राहतो. गाडीच्या पानांत तो उभा राहूच शकत नाही, पडत असतो! तेवीस वर्षांचा, दम्याचा रोगी असलेला मुलगा दम लागलेल्या गाडीवर बसून चढ चढतो आहे. गाडीला धाप, त्यालाही धाप. दुसऱ्या कुठल्याही लेखकानं या जुळणीचं प्रतीक करून टाकलं असतं. हा करत नाही. तार कुठे बांधली ते सांगतो आणि पुढे जातो.

आता सिनेमाकडे वळू. सालेसचा सिनेमा मला आवडतो, आधी हे सांगून टाकतो. गाएल गार्सिया बेर्नाल आणि रोद्रिगो दे ला सेर्ना ही जोडी फार गोड आहे, आणि ग्रानादोच्या भूमिकेतला दे ला सेर्ना तर कितीदा तरी सिनेमा खिशात टाकतो. निघतानाच रस्त्यात बसखाली जाता जाता वाचतात, वाऱ्यात तंबू उडून जातो, हे सगळं हसवतं आणि खरं वाटतं. पटकथाकार होसे रिवेरा यानं गेवारा आणि ग्रानादो या दोघांचीही पुस्तकं वापरली आहेत.

पण डोंगर आला की सिनेमाचा सूर बदलतो. अर्जेंटिनातून चिलीत जाताना दोघे बर्फातून गाडी ढकलत नेतात, पांढऱ्या वादळात दोन काळे ठिपके. दृश्य देखणं आहे, यात वादच नाही. पण कॅलेंडर बघा. ते फेब्रुवारीच्या मध्याला सीमा ओलांडतात. दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी म्हणजे उन्हाळा. आणि त्यांनी घेतलेला मार्ग तळ्यांचा होता, बराचसा बोटीतून. पुस्तकात काय आहे? गाडी बोटीवर चढवलेली आहे, आणि भाड्याच्या बदल्यात हे दोघे बोटीच्या तळाशी साचलेलं घाण पाणी पंपानं उपसत आहेत. अँडीज पर्वत ओलांडण्याचा हा यांचा पराक्रम! बर्फ नाही, वादळ नाही, उग्र वासाचं पाणी आहे.

दिग्दर्शकानं एवढं स्वातंत्र्य घेऊ नये का? जरूर घ्यावं. माझा आक्षेप खरंखोटं तपासण्याचा नाही. बर्फ आला की प्रसंगाचा अर्थ बदलतो, हा आहे. बोटीच्या तळाशी पाणी उपसणारे दोघे हे इतरांच्या मेहेरबानीवर पुढे सरकणारे लोक आहेत. बर्फातून गाडी ढकलणारे दोघे स्वतःच्या बळावर पर्वत जिंकणारे वीर आहेत. कच्च्या रस्त्यावर जुनी गाडी चढवण्याचा खरा अनुभव पहिल्या प्रकारचा असतो. पोस्टर मात्र नेहमी दुसऱ्या प्रकारचं निघतं.

गाडीचा मृत्यूही असाच बदलला आहे. सिनेमात उतारावर ब्रेक लागत नाही, समोर गाई येतात, धडक होते, आणि मग मेकॅनिक सांगतो की आता हिचं काही होणार नाही. नाट्य आहे, आघात आहे. पुस्तकातही ब्रेक जातो, गाईही आहेत, पण त्यातून ते वाचतात आणि पुढे निघतात. गाडी संपते ती एका चढावर. कोयिपुयीजवळ मायेको नदी आहे, तिच्यावर १८९० सालचा उंच रेल्वेपूल आहे, आणि त्याच भागातल्या चढावर ती दम टाकते. हा चढ अँडीजमधला नाही, चिलीच्या मधल्या सखल पट्ट्यातला. अगदी मामुली म्हणावा असा. मोठे डोंगर मागे टाकून आल्यावर एखाद्या चढावर जुनी गाडी सोडून देते, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला पटेल. मोठ्या घाटात आपण तिला जपतो. ती जाते नंतर, किरकोळ ठिकाणी, आधीच्या सगळ्या धक्क्यांचा हिशेब एकदम पुढे करून. मग ट्रक मिळाला, लोस आंखेलेस गावात अग्निशमन दलाच्या जागेत मुक्काम झाला, आणि गाडी ट्रकवरून सॅन्टियागोपर्यंत नेऊन तिथे सोडून दिली.

इथे या पुस्तकाचं एक रूढ वाचन आहे, त्याची दखल घ्यायला हवी. वाचन असं: गाडी होती तोवर हे दोघे सुखवस्तू घरातले, मौजेखातर फिरणारे तरुण होते. गाडी गेली, पायी चालायला लागले, ट्रकच्या मागे बसायला लागले, आणि तेव्हा त्यांना माणसं दिसली. म्हणून गाडीचा अंत हा चेचा आरंभ. यंत्र मेलं आणि क्रांतिकारक जन्मला. गेवारानं स्वतःच याचं सूत्र हातात दिलं आहे. गाडी गेल्यावर आपला दर्जा कसा घसरला, चाकं असलेल्या भटक्यांचे आपण बिनचाकांचे भटके कसे झालो, हे तो गमतीनं नोंदवतो. आणि क्रमही तसाच आहे. चुकिकामाताच्या वाटेवर थंडीत कुडकुडणारं कम्युनिस्ट कामगार जोडपं भेटतं ते गाडी गेल्यानंतर. सिनेमात कृष्णधवल चेहरे कॅमेऱ्याकडे रोखून बघत उभे राहतात, तेही नंतरच्या मुलुखातले.

वाचन सुबक आहे. मला ते पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

एक तर या नोंदी रस्त्यावर लिहिलेल्या जशाच्या तशा नाहीत. प्रवासानंतर घरी परतल्यावर त्यानं मूळ डायरीवरून हे नव्यानं लिहून काढलं, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की ज्यानं त्या नोंदी केल्या होत्या तो माणूस आता उरलेला नाही. तेव्हा जो क्रम आपल्याला नियतीसारखा वाटतो तो लेखकाच्या टेबलावर लागलेला क्रम आहे. अगदी प्रामाणिकपणे लागलेला असेल, पण लागलेला आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गाडी होती तोवर त्यांना माणसं भेटत नव्हती, हे खरं आहे का? उलट आहे! जुनी गाडी ही माणसं भेटवणारी वस्तू आहे. दर तीस-चाळीस किलोमीटरला ती कुणाच्या तरी दारात नेऊन उभी करते. वेल्डिंगवाला, पंक्चरवाला, ट्रकवाला, गॅरेजचा मालक, त्याची बायको, बघायला जमलेली पोरं. आणि हे सगळे श्रम करणारे लोक आहेत. मग त्यांचं या पुस्तकात काय झालं?

लाउतारोचा प्रसंग घ्या. त्याआधी तेमुको शहरात या दोघांनी स्थानिक वर्तमानपत्रात स्वतःबद्दल एक लेख छापून आणला. कुष्ठरोगाचे दोन अर्जेंटिनी तज्ज्ञ मोटरसायकलवरून खंडाची सफर करताहेत, अशा थाटाचा. गेवारा तेव्हा अजून डॉक्टरही झालेला नव्हता. या कात्रणाच्या जोरावर जेवण मिळतं, झोपायला जागा मिळते, गाडी फुकट दुरुस्त होते. तेमुको सोडल्यावर गाडी जबर मोडते, हँडलचा दांडा आणि गिअरबॉक्सचं आवरण जातं, आणि ट्रकमध्ये घालून ती लाउतारोला नेली जाते. तिथले कारागीर ती उभी करतात. गावात हे पाहुणे. मग नाच असतो, दारू असते, आणि आपला नायक एका मेकॅनिकच्या बायकोला बाहेर अंधारात न्यायचा प्रयत्न करतो. ती ओरडते, लोक खवळतात, दोघे जीव घेऊन पळतात. सिनेमात हा प्रसंग धमाल विनोदी केला आहे. पुस्तकातही तो विनोदीच आहे.

थांबून जरा विचार करा. मोडलेल्या धातूला जोड देऊन एक तेरा वर्षांचं परदेशी यंत्र पुन्हा चालतं करणं, सुटे भाग मिळायची शक्यता नसलेल्या आडगावात, हे केवढं कौशल्य आहे! ॲल्युमिनियमला डाग देणं हे आजही सोपं काम नाही. लोखंडासारखं ते तापून लाल होत नाही, वितळायच्या क्षणापर्यंत काही कळू देत नाही, आणि जरा चुकलं की भोक पडतं. ते करणाऱ्या माणसांचे हात या पुस्तकात दिसत नाहीत. काय जोडलं, कशानं जोडलं, त्यांनी आधी काय करून पाहिलं, काहीच नाही. ते लोक विनोदी प्रसंगाची पार्श्वभूमी आहेत. आणि काही पानांनंतर खाणकामगार येतो तेव्हा भाषा गंभीर होते, लेखक टोपी काढून उभा राहतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की या पुस्तकाला कामगार दिसतो तो पीडित म्हणून. कारागीर म्हणून तो दिसत नाही. जो सोसतो आहे त्याच्यासाठी करुणा आहे, आणि ती खरी आहे, मी तिची थट्टा करत नाही. पण जो जाणतो आहे, ज्याला तुमच्यापेक्षा एखादी गोष्ट जास्त येते, त्याच्यासाठी कुतूहल नाही. गाडी मेल्यावर जनता भेटली असं आपण म्हणतो तेव्हा आपणही तीच चूक पुढे चालवतो. जनता आधीपासून भेटत होती, हातात पाना घेऊन. तिला तेव्हा आपण जनता म्हणालो नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, तेवीस वर्षांच्या पोराकडून किती अपेक्षा करता? बरोबर आहे. पण अपेक्षा त्या पोराकडून नाही. आपण या पुस्तकाला राजकीय जाणिवेच्या जन्माची कथा म्हणून पन्नासदा गौरवतो. मग त्या जाणिवेची कड कुठे संपते, तेही बघायला नको का?

तुलनेसाठी दुसरं एक पुस्तक घेतो, तेही मोटरसायकलचंच. रॉबर्ट पर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’, १९७४ चं. बाप आणि मुलगा अमेरिकेच्या मध्यातून पश्चिम किनाऱ्याकडे जात आहेत. इथे गाडी होंडा आहे आणि तिची देखभाल हाच पुस्तकाचा विषय. डोंगरात उंचीवर गेलं की हवा विरळ होते, इंजिनात पेट्रोल प्रमाणाबाहेर जातं, प्लग काळे पडतात, कार्बोरेटरची जेट बदलावी लागते, हे तो शांतपणे सांगतो. लडाखला जुन्या बुलेट नेणाऱ्यांना हा परिच्छेद घरचा वाटेल. या पुस्तकाबद्दल माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत. तत्त्वज्ञानाचा भार फार, आणि बाप म्हणून हा माणूस मुलाला पुरेसं बघत नाही. गॅरेजमधल्या मुलांनी त्याची गाडी बिघडवली म्हणून तो त्यांच्यावर जी टीका करतो तीही मला वरच्या पायरीवरून केलेली वाटते.

पण त्यात एक वेल्डर आहे. म्हातारा, तुसडा. गाडीच्या चेनवरचं पातळ पत्र्याचं आवरण तुटलेलं आहे आणि ते जोडायला पर्सिग त्याच्याकडे नेतो. पत्रा इतका पातळ की हा बिघडवणार अशीच त्याला धास्ती. आणि मग तो म्हाताऱ्याचे हात बघत राहतो. ज्योत कशी धरतो, डाग कसा देतो, किती कमी हालचालीत. काम झाल्यावर कौतुक केलं तर म्हाताऱ्याला त्याचं काही नाही. दोनेक पानांचा प्रसंग असेल. त्यात तो माणूस दीनवाणा नाही, देवही नाही. त्याला एक गोष्ट येते, एवढंच. लाउतारोच्या वेल्डिंगवाल्यांना त्यांच्या लेखकानं एवढं तरी बघायला हवं होतं, असं मला तो प्रसंग वाचताना वाटतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे सगळं दूरदेशीचं ठेवून चालणार नाही. चेचा चेहरा आपल्या रस्त्यांवर आहे. टी-शर्टवर आहे, बुलेटच्या टाकीवर आहे. तो फोटो आल्बेर्तो कोर्दानं मार्च १९६० मध्ये काढलेला, म्हणजे तो कमांडर झाल्यानंतरचा. ज्या वयात तो खरोखर मोटरसायकलवर होता त्या वयातला, विस्कटलेला, धुळीनं माखलेला चेहरा कुणी गाडीवर लावत नाही. लावतात तो क्षितिजाकडे बघणारा. आणि त्या चेहऱ्याबरोबर प्रवासलेखनाची एक तऱ्हाही आपल्याकडे स्थिरावली आहे. मनाली ते लेह, खारदुंग ला, स्पिती, किंवा आपल्या सह्याद्रीतले कच्चे घाट. मराठीत आता असं पुष्कळ लिहिलं जातं, दिवाळी अंकांत, पुस्तकांत. त्यातलं काही सुंदर आहे. पण या लेखनात एक वाक्य हमखास येतं, तुम्हीही वाचलं असेल. गाडी बंद पडते, अंधार पडत असतो, आणि तेवढ्यात कुणीतरी ‘देवासारखा धावून येतो’.

देवासारखा! मला या शब्दाचा राग येतो, आणि सांगतो का. देव म्हटलं की त्याला नाव विचारायला नको. त्यानं हे काम कुठे शिकलं, दिवसाला किती गाड्या येतात, हिवाळ्यात रस्ता बंद झाल्यावर तो काय करतो, कार्बोरेटर उघडताना त्यानं आधी कुठे हात घातला, काही विचारायला नको. देवाला कौशल्य लागत नाही, चमत्कार पुरतो. ज्याचा हात पंधरा-वीस वर्षं त्या कामात मुरला आहे, त्याची ती वर्षं एका शब्दात पुसली जातात. आपण मोठ्या मनानं, कृतज्ञतेनं पुसतो. पैसे घेतले नाहीत म्हणून तो देव, आणि घेतले तर ‘तिथेही लुटारू असतात’ म्हणून दुसरा परिच्छेद. मधल्या जागेत, वाजवी पैसे घेणारा जाणता माणूस म्हणून, त्याला जागाच नाही.

गेवारानं निदान देव म्हटलं नाही. त्याचा विनोद त्याला तिथून वाचवतो. आपण खूप जास्त भाबडे आहोत.

सिनेमाचं आणखी एक सांगायचं राहिलं. शेवटी पडद्यावर म्हातारा ग्रानादो दिसतो, खरा. तो १९६१ पासून क्यूबात राहत होता, २०११ साली गेला. चित्रीकरणात त्याचा सल्लाही घेतला होता. पण त्या शेवटच्या चित्रातही तो दूर गेलेल्या मित्राकडे बघणारा आहे. गाडीचा मालक, दुरुस्तीची काळजी ज्याला जास्त होती तो, जगाच्या आठवणीत कायमचा मागच्या सीटवर गेला. हे अन्यायाचं आहे असं मी म्हणत नाही, इतिहास चेच्या वाट्याला आला, त्याच्या नाही. पण वाचक म्हणून आपल्याला सोय आहे. ग्रानादोचं ‘चेबरोबर दक्षिण अमेरिकेत’ अशा अर्थाच्या नावाचं स्वतंत्र पुस्तक आहे, इंग्रजीत मिळतं. शैली गेवाराची नाही, चमक कमी. पण तो तपशिलात रमणारा माणूस आहे. ही डायरी आहे, तारीखवार, आणि तिच्यात मागाहून शहाणं होण्याची घाई कमी वाटते.

ही दोन पुस्तकं मी सलग न वाचता शेजारी शेजारी ठेवून वाचायला सुचवेन. एक दिवस इकडचा, तोच दिवस तिकडचा. विशेषतः बारिलोचेपासून लोस आंखेलेसपर्यंतचा टप्पा. एकच पडणं दोघे कसं वेगवेगळं सांगतात, एकाला कशाचं हसू येतं आणि दुसऱ्याला कशाची चिंता लागते, हे तिथे दिसतं. आणि जाता जाता गाडीला हात लावणारी माणसं मोजा. कागदावर सरळ यादी करा: कोण, कुठल्या गावात, काय दुरुस्त केलं. नावं थोडीच सापडतील, कामं मात्र बरीच सापडतील. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमची यादी किती लांबली ते मला सांगा. आता प्रश्न घेऊ.